खोशाब, सत्तावीस

डॉक्टर हेमचंद्र टिपणीस इराणातली नोकरी संपवून कर्जतला परतले त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांची बायको मालती मात्र अजून निम्मीच परतली आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगत. ते अगदीच खोटं नव्हतं. दुपारची कामं आवरली की मालती मागच्या पडवीत बसायची. काचेच्या लहान पेल्यात बिनदुधाचा चहा, दातांत खडीसाखरेचा खडा, आणि त्या खड्यावरून हळूहळू उतरणारा घोट. तेवढा वेळ ती कर्जतमध्ये नसायची.

घरकामाला येणारी जना दहिवलीची. तिला या चहाचं मोठं नवल होतं. इराण हा शब्द तिच्या जिभेवर कधी बसला नाही. ती वैराणच म्हणायची.

"वयनी, तुमच्या वैराणात भात लावत्यात का वो?"

"आमच्या गावात नाही. पाणीच नाही तिथे. उत्तरेला समुद्राकडे लावतात."

"मंग तुमचं गाव खरंच वैराण म्हना की."

मालती हसायची, पण तिला ते पटायचं नाही. खोशाब वैराण नव्हतं. नावाचा अर्थच गोड पाणी. शिराझहून मोटारीने निघालं की दोन तास नुसते उघडे डोंगर लागत. माथेरानच्या डोंगराची सगळी झाडी कुणी खरवडून काढली तर कसा दिसेल, तसे ते डोंगर. मग एका वळणावर अचानक सुरूची उंच काळी झाडं दिसत, मातीच्या भिंती दिसत, आणि भिंतींच्या आत बागा. डोंगराच्या पोटातून जमिनीखालून आणलेलं पाणी गावात वर येई आणि रस्त्याच्या कडेने दगडी पाटातून वाहत राही. रात्री सगळं निजलं की तो आवाज उशाशी येई.

कर्जतला पावसाळ्यात घर चारी बाजूंनी पाण्याच्या आवाजाने भरलेलं असे. पन्हळी गळत, उल्हास नदी पुलाखालून धावत असे, भिंतींना ओल येई. आणि मालती डोळे मिटून त्या एका बारीक पाटाचा आवाज आठवत बसे.

ती तिथे गेली तेव्हा छत्तिशीची होती. लग्नानंतरची सगळी वर्षं तिने दिरांच्या, जावांच्या घरात, चुलीपाशी आपली पाळी सांभाळत काढली होती. त्यांना मूल नव्हतं, त्यामुळे घरातल्या कुठल्याच बोलण्यात तिचा शब्द शेवटचा नसे. इराण सरकारला डॉक्टर हवे होते. हेमचंद्रांनी अर्ज केला, आणि त्र्याहत्तरच्या वसंतात ती दोघं खोशाबच्या सरकारी दवाखान्याशेजारच्या दोन खोल्यांच्या घरात उतरली. पहिल्या सकाळी मालतीने दार उघडलं तर अंगणात डाळिंबाचं झाड तांबड्या फुलांनी भरून उभं होतं, आणि भिंतीवरून एक बाई कोपरं टेकून तिच्याकडे पाहत होती.

ती शहीन खानम, म्हणजे शहीनबाई. जाड वेणी, मोठं हसू, हातात गरम रोटी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मग शहीनने दाराला हात लावून 'दरवाझे' म्हटलं आणि मालती म्हणाली, "दरवाजा." शहीनने खिडकीकडे बोट केलं, 'पर्दे'. "पडदा." चाकू, चादर, बाग, जमीन. शहीन टाळ्या पिटत राहिली. कुठली कुठून आलेली ही बाई आपल्या घरातल्या वस्तू ओळखते, याचंच तिला हसू येत होतं. पुढे एकदा मालती चार दिवस शिराझला जाऊन आली, तेव्हा शहीन तिला मिठी मारून म्हणाली, "जायत खाली बूद." तुझी जागा खाली होती. हे मालतीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

शहीनचा नवरा मोरादी गावच्या सशस्त्र पोलिसांच्या ठाण्यावर अंमलदार होता. अंगाने आडवा, बोलायला कमी, घरी आला की मुलांना पाठीवर घेऊन अंगणात रांगणारा. त्याच्याकडे सरकारी जीप होती. शुक्रवारी दोन्ही घरं त्या जीपमधून बदामाच्या बागेत जात. गालिचा अंथरायचा, चहाच्या पाण्याचा समोवार पेटवायचा, पडून राहायचं. एका शुक्रवारी मोरादीने जीप गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर उभी केली आणि किल्ली मालतीच्या हातात दिली.

"मला येत नाही," ती घाबरून म्हणाली.

"उजवीकडे काही नाही. डावीकडे काही नाही. तुम्ही कुणाला धडकणार?"

आणि मालती टिपणीसने जीप चालवली. मागे शहीन ओरडत होती, पोरं हसत होती, हेमचंद्रांनी डोळ्यांवर हात ठेवला होता. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना मीठ सांडल्यासारखी पांढरी जमीन, आणि समोर निळे डोंगर, जे कितीही गेलं तरी जवळ येत नव्हते. आपण आता थांबूच नये, असं तिला वाटलं होतं. कर्जतला परतल्यावर तिने कधी गाडी चालवली नाही. चालवायला गाडी नव्हती, आणि असती तरी इथे कुणी किल्ली दिली नसती.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यापासून वर्तमानपत्रांत इराण येऊ लागला. आधी आतल्या पानावर, मग पहिल्या. तेहरान, तबरीझ, इस्फहान. मोर्चे, गोळीबार. गणपतीच्या दिवसांत बातमी आली की बारा शहरांत लष्करी कायदा लागला, त्यांत शिराझही होतं. हेमचंद्र पेपर घडी करून ठेवत आणि म्हणत, "मोठ्या शहरांतलं असतं हे. खोशाबला काय होणार?" मालतीलाही तेच वाटत होतं. बदामाच्या बागेत काय होणार?

गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात पावसाने पुन्हा झोडपलं. एका सकाळी बातमी आली की घाटात ठाकुरवाडीजवळ दरड खाली आली आहे आणि पुण्याच्या गाड्या कर्जतलाच अडकल्या आहेत. अशा वेळी गाव स्टेशनात जातंच. कुणी भाकऱ्या नेल्या, कुणी केळी. मालतीने मोठ्या किटलीत चहा केला, जनाने कपांची टोपली डोक्यावर घेतली, आणि दोघी फलाटावर डब्याडब्याला चहा देत निघाल्या.

एका खिडकीशी एक मुलगी एकटीच बसली होती. गोरी, केस आखूड, अंगात ढगळ स्वेटर. गोव्याची किंवा पारशी असेल असं मालतीला वाटलं. मुलीने चहा घेतला, एका दमात संपवला, आणि कप परत देताना, आपण कुठे आहोत हे विसरून गेल्यासारखी, खाली मान घालून पुटपुटली, "दस्त-ए-शुमा दर्द न-कुनद."

तुमचा हात दुखू नये. इराणात कुणी काही हातात दिलं की असंच म्हणतात.

मालती किटली धरून तशीच उभी राहिली. पावसाचं पाणी पत्र्यावरून तिच्या पाठीवर पडत होतं. मग दोन वर्षांत न उच्चारलेलं उत्तर तिच्या तोंडून आपोआप आलं, "सर-ए-शुमा दर्द न-कुनद." तुमचं डोकं दुखू नये.

मुलीने वर पाहिलं. नऊवारी नेसलेली, डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई, तिच्या शेजारी पाचवारीतली चष्मेवाली बाई, मागे पाऊस. तिने आधी जनाकडे पाहिलं, मग मालतीकडे.

"कोण बोललं?" तिने फारसीत विचारलं.

"मी."

मुलीचं नाव महशीद. शिराझची. पुण्याला कॉलेजात शिकत होती. दोन दिवस मुंबईहून शिराझला घरी फोन लावायचा प्रयत्न करून ती परत निघाली होती. गाडी दुपारपर्यंत हलत नाही असं स्टेशनमास्तरांनी सांगितलं. मालतीने तिची पिशवी खिडकीतून काढून घेतली आणि म्हणाली, "घरी चल. स्टेशनपासून लांब नाही. गाडी सुटायच्या आधी कळवतील."

महशीदने तीन वेळा नाही म्हटलं. चौथ्यांदा मालतीने विचारलं तेव्हा ती उठली. तिकडे असंच असतं, हे मालतीला ठाऊक होतं.

पडवीत बसवून मालतीने तिला कोरडा टॉवेल दिला, स्वतःची शाल दिली, आणि काचेच्या पेल्यात चहा आणला. बशीत खडीसाखर. महशीद त्या खड्याकडे पाहून पहिल्यांदा हसली.

"आमच्याकडे हे पोट दुखलं की देतात."

"साखरेचे चौकोनी तुकडे इथे मिळत नाहीत," मालती ओशाळून म्हणाली.

"चालेल. पोटही दुखतंच आहे."

मग मालतीला राहवलं नाही. दोन वर्षं जे फक्त जनाला सांगता येत होतं, ते सगळं ती मोडक्यातोडक्या फारसीत सांगत सुटली. पाटाचं पाणी, डाळिंबाचं झाड, हिवाळ्यात मेजाखाली शेगडी ठेवून वर एकच मोठी रजई घ्यायची आणि सगळ्यांनी तिच्यात पाय घालून बसायचं. नवरोजला बशीत रुजवलेले गहू. शहीन खानम. मोरादी, आणि त्याची जीप, आणि तो सरळ रस्ता.

महशीदने पेला खाली ठेवला.

"मोरादी ठाण्यावरचे? पोलीस?"

"हो. फार चांगला माणूस."

महशीदने मान वळवली. समोर अळूच्या पानांवर थेंब जमून घरंगळत होते, ते ती पाहत होती. मग तिने अगदी हळू, मास्तरीण लहान मुलाला समजावते तसं सांगितलं. तिचा भाऊ कामरान शिराझच्या विद्यापीठात होता. वसंतात अशाच एका जीपमधून माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. आई दर आठवड्याला धुतलेले कपडे घेऊन तुरुंगाच्या दाराशी जाते. कधी घेतात, कधी परत देतात. लष्करी कायदा लागल्यापासून घरचा फोन लागत नाही. आई कशी आहे, आहे की नाही, हेही तिला माहीत नव्हतं.

"तुम्ही पाहुण्या होतात, खानम," ती म्हणाली. "आमच्याकडे पाहुण्याला दिवाणखाना दाखवतात. मागच्या खोलीत कोण आजारी आहे ते सांगत नाहीत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता.  मालती पेला उचलून स्वयंपाकघरात गेली. जना तिथे तांदूळ निवडत बसली होती.

"पोर रडतेय का?"

"नाही."

"मंग तुमी का रडताय गं बाय?"

मालतीने तिला थोडक्यात सांगितलं. जनाने सूप बाजूला ठेवलं. "म्हंजे तुमच्या त्या मैतरणीचा घोव हिच्या भावाला धरनारांतला."

"तो नसेल. दुसरं कुणी असेल. पण त्यांच्यातलाच."

"आन मैतरीण कशी हाय?"

"चांगली आहे, जना."

"आईकडं निरोप न्यायला चांगलंच मानूस लागतं. तिला सांगा की."

मालती ओट्याला टेकून उभी राहिली. शिराझचा फोन लागत नव्हता. पण ठाण्याच्या अंमलदाराच्या घरचा फोन सरकारी होता, तो बंद नसणार. खोशाबला एवढेसेच फोन होते; दवाखान्यातून शहीनला बोलवायचं तर फिरवायचंही लागत नसे, एक्सचेंजच्या माणसाला नुसतं म्हणायचं, सत्तावीस.

महशीद ऐकताच उभी राहिली. "त्या घरात? माझं नाव? नको. कामरानचं काय करतील ते."

"तू बोलू नकोस," मालती म्हणाली. "मी माझ्या मैत्रिणीला फोन करतेय. कामरानचं नाव मी घेणार नाही. तुझ्या आईला एवढंच कळेल की तू सुखरूप आहेस. नको असेल तर तेही नाही."

महशीद पुन्हा खाली बसली. शालीचं टोक बोटांना गुंडाळत राहिली. आत जना तांदूळ धूत होती, त्याचा आवाज येत होता.

"करा," ती शेवटी म्हणाली.

फोन हेमचंद्रांच्या दवाखान्यात, पुढच्या खोलीत होता. एक्सचेंजवर जया होती. तिच्या आईचा दमा डॉक्टरच बघत. मालतीने सांगितलेलं ठिकाण तिने दोनदा विचारून घेतलं.

"वहिनी, हे मुंबईवरून परदेशी लाइनला जाणार. लागेल याची खात्री नाही."

"तू सोडू नकोस फक्त."

"नाही सोडत."

थांबायचं होतं, म्हणून मालतीने स्वयंपाकाला घेतलं. पोशीर गावचा नवा नव्हे, गेल्या सालचा जुना तांदूळ होता. तिने तो अर्धा शिजवून ओतून घेतला, देगचीत तूप टाकलं, मसूर आणि मनुका घालून भाताचा ढीग रचला, झाकणाला फडकं बांधलं आणि मंद विस्तवावर ठेवून दिला. भात उतरला तेव्हा तळाशी सोनेरी, कुरकुरीत थर धरला होता. मालतीने तोच आधी खरवडून महशीदच्या ताटात ठेवला.

जना पाहत राहिली. "पाव्हनीला खरवड?"

"तिकडे हाच मान," मालती म्हणाली. "यावरून भांडतात."

"आमच्यात सासुरवाशिनीला देत्यात."

मालतीने हे फारसीत सांगितलं. महशीदने तो तुकडा मोडला, अर्धा जनाच्या हातावर ठेवला. जनाने आढेवेढे घेतले नाहीत. दोघी कुरकुर आवाज करत खात राहिल्या. हेमचंद्रही पेशंट उरकून आले आणि पानावर बसले. तांदूळ-मसुराचा, तुपाचा, थोडा करपलेला वास घरभर झाला होता. पाऊस आता बारीक झाला होता. क्षणभर मालतीला कळेना की आपण दोन ठिकाणांपैकी कुठे आहोत.

हात धुवत असतानाच फोन वाजला.

"धरा वहिनी," जया म्हणाली. "मुंबई, तेहरान, शिराझ असं करत गेलंय. मोठ्याने बोला."

समुद्राच्या तळाशी कुणी वाळू ओतत असावं तसा आवाज येत होता. त्यातून एक बाई म्हणाली, "बले?"

"शहीन? मालती. हिंदुस्थानातून. मालती."

 पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि त्याच्या मधोमध हसण्याचा. शहीनने डॉक्टर कसे आहेत विचारलं, सासरच्यांचं विचारलं, गुडघा दुखतो का विचारलं. नेहमीचे सगळे प्रश्न नेहमीच्या क्रमाने. मालतीने मध्येच तिला थांबवलं. "तू कशी आहेस?"

"देवाची कृपा."

"शहीन."

वाळूचा आवाज वाढला आणि कमी झाला. "मुलांना आईकडे पाठवलंय," शहीन हळू म्हणाली. "परवा खिडकीची काच फोडली. कुणी ते माहीत आहे. मी त्या मुलाच्या बारशाला गेले होते. हे घरी येत नाहीत, ठाण्यातच असतात. मी पडदे लावून बसते."

महशीद दाराच्या चौकटीत उभी होती. रिसीव्हरमधला आवाज खोलीभर ऐकू येत होता. मालतीने तिच्याकडे पाहिलं, आणि मग सांगितलं. एक मुलगी आहे, शिराझची, माझ्या घरी. तिच्या आईला निरोप द्यायचा आहे. एवढंच.

"पत्ता सांग."

मालतीने विचारून सांगितला. गल्लीचं नाव ऐकून शहीन थबकली. ती गल्ली तिला माहीत असावी. विद्यापीठाजवळची होती.

"तिथे आमचा माणूस पाठवला तर ती बिचारी घाबरून मरेल," शहीन म्हणाली. "मी स्वतः जाते. डोक्यावरून अंगभर चादर घेऊन गेले तर मला कोण ओळखणार? माझी बहीण तिथेच राहते. उद्या सकाळच्या बसने जाते."

"शहीन, रस्ते बरे आहेत का?"

"मालती, मी कितीतरी दिवसांत घराबाहेर पडले नाही. बरं झालं तू काम सांगितलंस."

 तेवढ्यात महशीद पुढे आली आणि तिने हात पुढे केला. मालतीने रिसीव्हर दिला. मुलीने तो दोन्ही हातांनी धरला. 

"मेर्सी, खानम," तिने आभार मानले.

पलीकडून शहीन काहीतरी बोलली. काय ते मालतीला ऐकू आलं नाही. मग लाइन गेली.

दोघी पुन्हा पडवीत येऊन बसल्या. महशीद भिंतीला डोकं टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. ती आता अगदीच लहान दिसत होती.

"काय म्हणाली शहीन?" मालतीने विचारलं.

"'मुली, जेवलीस का' विचारलं."

नंतर ती म्हणाली, "मघाशी तुम्ही सांगत होतात ते सांगा ना. मी थांबवलं तुम्हाला."

"नको. तू म्हणालीस ते खरं आहे. मी दिवाणखानाच पाहिला."

"दिवाणखानाही आमचाच आहे, खानम. चार वर्षं झाली मला इकडे येऊन. पाहिलेलं सगळं पुसट होतंय. बातम्या वाचते आणि शिराझ म्हटलं की रणगाडे दिसतात. वसंतात वास कशाचा येतो ते आठवायला गेले तर येत नाही. तुम्हाला आठवतं का?"

मालतीने डोळे मिटले. "नारिंगाच्या मोहराचा," ती म्हणाली. "रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती झाडं आहेत. आम्ही दुसऱ्या वर्षी मोहराच्या दिवसांत गेलो तेव्हा संध्याकाळ होती. गाडीच्या काचा उघड्या होत्या. आधी मला वाटलं की कुणीतरी अत्तराची बाटली फोडली. मग कळलं की सगळं गावच तसं आहे. बायका पांढरी फडकी झाडांखाली अंथरून फुलं गोळा करत होत्या. एका म्हातारीने ओंजळभर फुलं खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली. ओळख ना पाळख. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, तुझे हात रिकामे होते."

महशीद झोपेच्या काठावर असल्यासारखी ऐकत होती. मालती सांगत राहिली. बाजारातले तांब्याच्या भांड्यांचे ठोके. खड्यांवर भाजलेली रोटी आणि तिला चिकटून घरापर्यंत येणारे बारीक गरम खडे. बर्फ पडलेल्या सकाळी सगळ्या गावाने गच्चीवर चढून लाकडी फावड्यांनी बर्फ ढकलणं. ती कधी मराठीत घसरली तिचं तिलाच कळलं नाही, आणि मुलीनेही तिला थांबवलं नाही. उंबऱ्यावर जना हनुवटीला हात लावून बसली होती. समोर ढग डोंगरावरून उचलत होते आणि हिरवी भातखाचरं ओल्या उजेडात दिसू लागली होती.

मग स्टेशनाकडून शिट्टी आली. हमाल सांगायला धावत आला. मालतीने राहिलेला भात डब्यात भरून दिला.

पंधरवड्याने महशीद पुण्याहून मुद्दाम कर्जतला उतरली. आईचा फोन वसतिगृहात आला होता. शहीन खानम चादर घेऊन, डाळिंबांची पिशवी घेऊन दाराशी आली होती. आधी निरोप सांगितला, आणि मग आपण कुणाची बायको ते स्वतःहून सांगितलं. आई दारातच उभी राहिली. "मग काय केलं त्यांनी?" मालतीने विचारलं.

"चहा ठेवला," महशीद म्हणाली. "आई म्हणते, दुसरं काय करणार होते? ती दोन तासांचा प्रवास करून आली होती."

कार्तिकात बऱ्याच राजकैद्यांना सोडलं, त्यांत कामरानही सुटला. वजन घटलेलं, एका कानाने ऐकू कमी. जानेवारीत महशीद शिक्षण अर्धं टाकून घरी निघाली. मुंबईची गाडी कर्जतला थोडा वेळच थांबते. मालती आणि जना फलाटावर गेल्या. जनाने तिच्या हातात घरचे पोहे दिले. महशीदचा चेहरा उजळला होता. सगळं आता बदलणार, चांगलं होणार, असं ती पुन्हापुन्हा सांगत होती. मालती हो म्हणत होती. तिला शहीनच्या पडदे लावलेल्या घराची आठवण येत होती, पण त्या मुलीच्या तोंडावरचा आनंद पाहून तिने ती बोलून दाखवली नाही.

पुढे पेपरात रोज नवी नावं येत राहिली. शहा गेला. सरकार बदललं. जुन्या पोलिसांना, अंमलदारांना धरल्याच्या बातम्या आल्या. जयाने कितीदा प्रयत्न केला, खोशाबचा नंबर लागला नाही. मालतीचा दुपारचा चहा चालू होता. पण आता ती मनाने तिकडच्या घरांत फिरत नसे, दाराशी जाऊन परत येई.

आंब्याच्या दिवसांत एका दुपारी हेमचंद्रांनी पुढच्या खोलीतून हाक मारली. "तुला फोन. लांबचा दिसतोय."

महशीद होती. आवाज स्वच्छ होता, थकलेला होता. तिने सगळं सलग सांगितलं, जणू आधी मनात मांडून ठेवलं होतं. मोरादींना फेब्रुवारीत धरलं होतं. कळलं तेव्हा आई स्वतः नव्या सरकारच्या चौकशी कमिटीपुढे गेली, कामरानला बरोबर घेऊन. म्हणाली, या माणसाच्या बायकोने त्या दिवसांत माझ्या मुलीचा निरोप आणला, माझी साक्ष लिहून घ्या. इतरही काही लोक बोलले. ज्याने काच फोडली तो मुलगाही. काही आठवड्यांनी मोरादींना सोडलं. नोकरी गेली, घर गेलं. आता सगळी शिराझला शहीनच्या बहिणीकडे आहेत. शहीन शिवणकाम करते.

"तू भेटलीस तिला?"

"कालच. ती फोनवर यायला तयार नाही. म्हणते, रडू येईल आणि पैसे रडण्यात जातील. निरोप दिलाय तुमच्यासाठी."

"सांग."

 "म्हणाली, मालतीला सांग, सध्या येऊ नकोस. नंतर ये."

मालतीने रिसीव्हर ठेवला. त्या देशात तीन वर्षांत तिला येऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं. दुकानदार, बस चालवणारा, वाटेत भेटलेली अनोळखी बाई, सगळे घरी या म्हणत, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं आहे हे दोघांनाही माहीत असे. हे म्हणण्यापुरतं नव्हतं.

"काय म्हणतायत?" हेमचंद्रांनी विचारलं.

"सगळे जिवंत आहेत," मालती म्हणाली. "आपल्याला नंतर बोलावलंय."

"नंतर म्हणजे केव्हा?"

"ते नाही सांगितलं."

हेमचंद्रांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर लावला. बाहेर बाकावर दोन पेशंट वाट पाहत होते. मालती आत गेली. जना पडवीत पाट टाकून कैऱ्या चिरत बसली होती. मालतीने दुसरी विळी घेतली आणि तिच्या समोर बसून पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.